मास्कचा दीर्घ वापर आणि मुखाचे आरोग्य

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि एप्रिल २०२० पासून मुंबईत सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा झाला. महाराष्ट्रातील ही सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी उठली. परंतु मास्क सर्वांच्याच तोंडावरून उतरलेला नाही. रुग्णालयातील परिचारिका, वॉर्डबॉय व आया, कचरा उचलणारे सफाई कामगार, दगडखाणीतील मजूर आणि क्षयरोगाचे रुग्ण यांना आजही तासन् तास मास्क लावावा लागतो. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांत यांपैकी कोणी ना कोणी असतेच. म्हणून या विषयाची माहिती येथे देणे आम्हांस आवश्यक वाटते.

मास्कमुळे तोंडाला वास येतो, दात किडतात, हिरड्या सुजतात अशी तक्रार साथीच्या काळात सर्वत्र ऐकू येई. तिच्यात तथ्य किती, हे समजण्यासाठी प्रथम लाळेचे कार्य पाहू.

लाळेचे महत्त्व

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुऊन काढते, जंतूंची वाढ रोखते आणि जंतूंनी साखरेपासून तयार केलेले आम्ल सौम्य करते. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट दातांच्या आवरणाची झीज भरून काढतात. लाळ कमी झाली की हे संरक्षण दुबळे होते. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळेच सकाळी उठल्यावर तोंडाला वास येतो.

मास्क लावल्यावर काय घडते?

मास्क लावून श्रमाचे काम करताना दम लागतो आणि माणूस नकळत नाकाऐवजी तोंडाने श्वास घेऊ लागतो. नाकातून जाणारी हवा ओलसर होऊन आत जाते. तोंडातून जाणारी हवा मात्र तोंडातलाच ओलावा घेऊन जाते. त्यात मास्क काढायचा कंटाळा म्हणून पाणी पिणे कमी होते. परिणामी जीभ व ओठ कोरडे पडतात. मास्कच्या आत घाम व वाफ साचल्याने काहींच्या ओठांच्या कोपऱ्यांत चिराही पडतात.

वासाचे कारण मात्र वेगळे आहे. जिभेच्या मागील भागावरील थरात आणि हिरड्यांच्या फटींत राहणारे जंतू गंधकयुक्त वायू तयार करतात, त्यांचा हा वास असतो. एरवी आपला श्वास हवेत विरून जातो. मास्क त्यातील काही भाग नाकापाशी अडवतो, म्हणून तो आपल्याला जाणवतो. म्हणजे अनेकांच्या बाबतीत दोष आधीपासूनच होता, मास्कने तो फक्त लक्षात आणून दिला.

मास्कमुळेच दात किडतात असे मात्र सिद्ध झालेले नाही. या विषयावरील पुष्कळशा पाहण्या लोकांनी स्वतः सांगितलेल्या तक्रारींवर आधारलेल्या आहेत. साथीच्या काळात दंतवैद्यांकडे जाणे लांबले, घरी बसून गोड खाणे व वारंवार चहा पिणे वाढले, हीही कारणे विसरता येत नाहीत. त्यामुळे दातांच्या भीतीने क्षयरोग्याने मास्क टाकून देणे किंवा दगडखाणीतील मजुराने धूळ छातीत घेणे हा मोठा तोटा ठरेल. मास्क ठेवावा आणि तोंडाची निगा वाढवावी, हाच योग्य मार्ग होय.

घ्यावयाची काळजी

१. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. मशेरी लावणे बंद करावे. ती तंबाखूच आहे.

२. दररोज जीभ हलक्या हाताने स्वच्छ करावी.

३. तासा-दीड तासाने, गर्दीपासून दूर जाऊन, मास्क काढून थोडे पाणी प्यावे. जेवणानंतर खळखळून चूळ भरावी.

४. जमेल तेव्हा तोंड मिटून नाकाने श्वास घ्यावा.

५. ओला किंवा मळलेला मास्क बदलावा. कापडी मास्क रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. एकदा वापरून टाकायचा मास्क पुन्हा लावू नये.

६. मधुमेह असल्यास किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास तोंड अधिक कोरडे पडू शकते. ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

एक धोका लपू नये

मास्कमुळे तोंड झाकले जाते, तसे तोंडातील दुखणेही झाकले जाते. मास्कच्या आड गालात तंबाखूचा बार धरून काम करणारे कामगार आपण पाहतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी व्यसन संपलेले नाही. म्हणून महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात, गाल, जीभ व जिभेखालील भाग पाहावा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसल्यास, दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण असल्यास अथवा उघडलेल्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नसल्यास तत्काळ सरकारी दंत रुग्णालय किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते.

अखेरची बाब केवळ दातांपुरती नाही. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक स्त्री कामगार दिवसभर पाणीच पीत नाहीत. अशा भगिनींना भरपूर पाणी प्या असा नुसता उपदेश करून काय उपयोग? पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची दहा मिनिटे आणि पुरेसे मास्क मिळणे हा त्यांचा हक्क आहे. आपल्या मंडळांनी व कामगार संघटनांनी ही मागणी मालकांपुढे व पालिकेपुढे मांडावी. वर्षातून एकदा वस्तीत दंततपासणी शिबिर भरवावे. तोंडाची निगा प्रत्येकाने स्वतः राखावी आणि ती राखता येईल अशी परिस्थिती आपण सर्वांनी मिळून निर्माण करावी, एवढीच आमची विनंती आहे.