वेगळेपण आणि व्याधी

आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञाच्या दाराशी रुग्ण क्वचितच एकटा येतो. आई, वडील, थोरला भाऊ, एखादा मामा असे कोणीतरी त्याच्यासोबत असते आणि तक्रारही बहुधा तेच सांगतात. समजा, एखाद्या जिल्ह्याच्या गावातून बावीस वर्षांच्या मुलाला असेच आणण्यात आले आहे. तो रात्र रात्र झोपत नाही, त्याचे जेवण तुटले आहे, महाविद्यालयात जाणे त्याने सोडून दिले आहे. एवढे सांगून झाल्यावर वडील आवाज खाली आणतात आणि त्यांच्या दृष्टीने मुख्य असलेली गोष्ट सांगतात: मुलाने लग्नाला नकार दिला आहे, कारण त्याला पुरुषांविषयी आकर्षण वाटते. तो लहानपणापासूनच विचित्र होता, अशी पुस्ती आई जोडते. कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे, आगगाड्यांची वेळापत्रके पाठ करीत बसे, कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून धरी. "डॉक्टर, याला नीट करा," एवढीच दोघांची विनंती असते.

या विनंतीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र गुंफल्या गेल्या आहेत. झोप व भूक जाणे आणि कशातच मन न लागणे ही विषादाची लक्षणे असू शकतात. विषाद ही व्याधी आहे; तिच्यावर उपचार आहेत आणि त्यांना विलंब झाला तर जीवही जाऊ शकतो. पुरुषाविषयी वाटणारे आकर्षण ही व्याधी नव्हे. तिसरी गोष्ट मेंदूच्या जन्मजात घडणीची. स्वमग्नता, अवधानातील अस्थिरता व अतिचंचलता, वाचन-लेखनातील विशिष्ट अडचणी अशा अनेक प्रकारांना मिळून आज 'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्द रूढ झाला आहे. बहुसंख्यांहून निराळ्या घडणीचा मेंदू, असा त्याचा स्थूल अर्थ होय. या घडणीमुळे जगताना अडचणी येतात, मदत लागते, कधी कधी आयुष्यभर लागते. परंतु ती काढून टाकून आत दडलेला कोणी 'खरा' मुलगा बाहेर काढता येत नाही. या तिन्हींची गल्लत मानसोपचारशास्त्राने स्वतःच दीर्घकाळ केली. त्या गल्लतीचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज आजच्या उपचारपद्धतीचे मर्म कळणे कठीण आहे.

समलैंगिकता हा मनोविकार आहे, हे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळजवळ सर्वमान्य होते. त्याला आधार कशाचा होता? डॉक्टरांनी पाहिलेल्या समलैंगिक व्यक्ती एकतर रुग्णालयात भेटलेल्या होत्या, नाहीतर तुरुंगात. एव्हलिन हूकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने हा दोष ओळखला. तिने त्या वेळी मानसोपचार घेत नसलेले 30 समलैंगिक पुरुष निवडले आणि वय, शिक्षण व बुद्ध्यंक यांत त्यांच्याशी जुळणारे 30 इतर पुरुष घेतले. सर्वांच्या चाचण्या घेऊन ते कागद, कोणता कोणाचा हे न सांगता, नामांकित परीक्षकांपुढे ठेवले. शाईच्या डागांच्या चाचणीचे त्या काळचे अग्रगण्य जाणकार ब्रूनो क्लॉफर त्यांत होते. यांतील समलैंगिक कोण, हे परीक्षकांना ओळखता आले नाही. मानसिक स्वास्थ्याच्या बाबतीतही दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हा निबंध 1957 साली प्रसिद्ध झाला. शास्त्रातील चूक सिद्ध होणे आणि ती मान्य होणे या दोन घटनांमध्ये मात्र पुष्कळ वर्षे जातात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आपल्या विकारसूचीतून वगळले ते डिसेंबर 1973 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी एका समलैंगिक मनोविकारतज्ज्ञाला त्याच संघटनेच्या सभेत मुखवटा घालून व आवाज बदलून बोलावे लागले होते. आंतरराष्ट्रीय सूचीतून समलैंगिकता वगळण्यास 1990 साल उजाडावे लागले.

आता याच कथेची दुसरी बाजू पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील शाखेत ओले इव्हार लोव्हास हे मानसशास्त्रज्ञ स्वमग्न मुलांवर वर्तनोपचाराचे प्रयोग करीत होते. 1965 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या जुळ्या स्वमग्न मुलांना विजेचे झटके देऊन माणसांजवळ येण्यास शिकवले होते. पुढे 1987 मध्ये, आठवड्याला 40 तासांच्या शिकवणीनंतर 19 पैकी 9 मुले इतर मुलांपासून वेगळी ओळखू येईनाशी झाली, असा त्यांचा दावा होता. या दोन टप्प्यांच्या मध्ये, 1974 साली, जॉर्ज रेकर्स यांच्यासह त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्यातील मूल स्वमग्न नव्हते. तो सुमारे पाच वर्षांचा मुलगा होता आणि त्याचे वागणे, खेळणे 'मुलीसारखे' आहे, एवढीच त्याच्याविषयीची तक्रार होती. मुलगा 'मुलासारखा' वागला की त्याला निळी चकती मिळे आणि तिच्या बदल्यात खाऊ. 'मुलीसारखा' वागला की लाल चकती, आणि तिची परिणती वडिलांच्या हातचा मार खाण्यातही होई. उपचार यशस्वी झाल्याचे शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. पुढे तो मुलगा मोठा झाला आणि 2003 साली, अडतिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. एका आत्महत्येमागे कारणे अनेक असतात, हे खरे. परंतु त्याच्या भावंडांनी तिचा संबंध त्या उपचाराशी जोडला आहे. 2020 साली त्या नियतकालिकाने या निबंधाविषयी जाहीर चिंता व्यक्त केली.

एकाच संस्थेत, एकाच शास्त्रज्ञाने, एकच साधन दोन भिन्न प्रकारच्या मुलांवर वापरले, हा योगायोग नव्हे. दोन्हीकडे बरे होण्याची कसोटी एकच होती: मूल इतरांहून वेगळे दिसता कामा नये. मुलाला कसे वाटते, हा प्रश्न त्या कसोटीत कोठेच नव्हता. आपल्याकडेही समलैंगिक पुरुषांवर वर्तनोपचार केल्याचे वृत्तान्त 1980 नंतरच्या दशकात भारतीय मानसोपचारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. ते लिहिणारे डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांना तेच शिकवले गेले होते. माझ्या मते अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

वेगळेपण लपवता येते, हे अनेक स्वमग्न व्यक्ती स्वतःच सिद्ध करतात. समोरच्याच्या भुवईकडे पाहून डोळ्यांत पाहिल्याचा भास निर्माण करणे, इतरांचे हसणे पाहून त्याच क्षणी हसणे, हातांची चाळवाचाळव खिशात दडवणे, हे सारे त्या शिकून घेतात. समलिंगी मुलगा घरात ज्या सावधपणे वावरतो, त्याहून हे फारसे निराळे नाही. परंतु या सोंगाची किंमत जबर असते. स्वमग्न प्रौढांच्या 2018 सालच्या एका ब्रिटिश पाहणीत, अशी लपवणूक अधिक करणाऱ्यांमध्ये आत्महत्येची प्रवृत्तीही अधिक आढळली. दुसरीकडे, 2020 साली एडिंबरो येथील संशोधकांनी आठ-आठ व्यक्तींच्या साखळ्या करून एक गोष्ट तोंडोतोंडी पुढे सांगावयास लावली. सर्व स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच चांगली पोहोचली. दोन्ही प्रकारच्या व्यक्ती आळीपाळीने उभ्या केल्या तेव्हा मात्र तिची गळती झाली. म्हणजे संवादातील अडचण एकट्या स्वमग्न व्यक्तीत नाही. ती दोघांच्या मध्ये आहे, आणि त्या दोघांपैकी एक पुष्कळदा डॉक्टर असतो.

हे दोन्ही समूह परस्परांपासून अलग नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सुमारे साडेसहा लाख व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पारलिंगी व लिंगभाव-भिन्न व्यक्तींमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण इतरांच्या तीन ते सहा पट आढळले. याचे कारण निश्चित झालेले नाही. परंतु 'स्वमग्न आहे, त्याला स्वतःविषयी काय कळणार' असे म्हणून अशा व्यक्तीचे स्वतःच्या लिंगभावाविषयीचे म्हणणे बाजूस सारण्यास या आकड्यांत कोणताही आधार नाही.

प्रत्यक्ष तपासणीत काय बदलावे लागते? प्रथम जागा. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी, लुकलुकणारी नळी, करकरणारा पंखा यांच्यामध्ये तासभर बसलेली स्वमग्न व्यक्ती डॉक्टरांसमोर येईपर्यंत गळून गेलेली असते. तिला दिवसाची पहिली वेळ देण्यास खर्च येत नाही. त्यानंतर प्रश्न. "आवाज ऐकू येतात का?" असे विचारले असता शब्दशः अर्थ घेणारी व्यक्ती "हो" म्हणेल, कारण तिला खरोखरच पंख्याचा आणि रस्त्यावरच्या मोटारींचा आवाज ऐकू येत असतो. तेथे न थांबता कोणता आवाज, कोणाचा, हे विचारले नाही तर तिच्या कागदावर भ्रमाची नोंद होऊन तिला वर्षानुवर्षे अनावश्यक औषधे घ्यावी लागतील. नजर न मिळवणे म्हणजे भावनाशून्यता नव्हे. "कसे वाटते?" या प्रश्नाला उत्तर न येणे म्हणजे काही वाटत नाही, असेही नव्हे, काल किती वाजता झोप लागली, छातीत धडधड होते काय, असे नेमके विचारले की उत्तर मिळते.

पारलिंगी व्यक्तीला कोणत्या नावाने हाक मारावी, हे तिलाच विचारावे. भाषेची अडचण प्रत्येक प्रांतात सारखी नाही. बंगाली क्रियापदाला लिंग नाही. हिंदीत 'आप कब आए' म्हणावे की 'कब आईं', येथेच जीभ अडखळते. मराठीत 'आपण केव्हा आलात?' या आदरार्थी रूपाने ती अडचण सहज टळते, आणि उत्तरात 'मी आलो' येते की 'मी आले', याकडे कान दिला तर पुढचे आपोआप उमगते. घरच्यांसमोर मात्र ती व्यक्ती वेगळे रूप वापरील. म्हणून मुलाखतीचा काही भाग तरी एकांतात झालाच पाहिजे, आणि तेथे कळलेले वडिलांना सांगावयाचे नाही, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे.

यावरून, वेगळेपण मान्य करणारा डॉक्टर औषधेच देत नाही, असा समज होऊ नये. एक विरुद्ध चूकही होते: रुग्णाची प्रत्येक तक्रार त्याच्या वेगळेपणाच्या खाती घालणे. पारलिंगी स्त्रीला थकवा आला तर तिच्या गलग्रंथीची तपासणी इतर कोणाहीप्रमाणे झाली पाहिजे. न बोलणारे स्वमग्न मूल अचानक डोके आपटू लागले तर दाढ दुखते आहे काय, कान फुटला आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. स्वमग्नतेसोबत अपस्मार असेल तर त्याची औषधे द्यावीच लागतात; अवधानाच्या अडचणीवर मेथिलफेनिडेट अनेकांना खरोखर उपयोगी पडते. समलैंगिकता सूचीतून गेली, स्वमग्नता अजून सूचीत आहे, आणि आपल्या देशात अपंगत्वाचे प्रमाणपत्र व त्यासोबतच्या सवलती मिळण्यासाठी निदानाची गरजही आहे. निदानच नको, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना चोवीस तास सोबत लागते, त्यांच्या मातांना असले वाद परवडणारे नसतात.

वरील मुलाच्या बाबतीत, म्हणून, विषादावर उपचार सुरू करावयाचे, मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात काय हे सरळ शब्दांत विचारावयाचे, स्वमग्नतेची रीतसर तपासणी त्याची इच्छा असल्यास करावयाची, आणि आकर्षणाविषयी आई-वडिलांना सांगावयाचे की यात बदलण्यासारखे काही नाही. ही शेवटची गोष्ट एका भेटीत साधत नाही. आई-वडिलांनाही स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. लोक काय म्हणतील, म्हातारपणी याला कोण पाहील, हे त्यांचे प्रश्न खोटे नसतात.

डॉक्टरांच्या मागे आता कायद्याचे बळही आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, समाजातील नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे हा मनोविकाराच्या निदानाचा आधार होऊ शकत नाही, आणि लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. 2018 साली भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा विकार नसल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. जून 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लैंगिक कल बदलण्याच्या 'उपचारां'ना मनाई करण्याचा आदेश दिला. या विषयाचे आपले अज्ञान मान्य करून न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन तो समजून घेतला होता. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या परिषदांना कळवले.

या कायद्यातील एक तरतूद घरातून तुटलेल्या रुग्णांना अवश्य सांगावी. आजारपणात आपल्या वतीने कोणी बोलावे, हे प्रत्येक प्रौढ व्यक्तीला स्वतः ठरवता येते. ती व्यक्ती नात्यातलीच असली पाहिजे असे बंधन नाही. मित्र चालतो, सोबती चालतो. त्याची लेखी संमती असावी लागते. नेमणूक साध्या कागदावर लिहून खाली सही केली, किंवा अंगठा उठवला, तरी पुरते.