मुंबईच्या ताटात काय वाढले आहे?

महाड-पोलादपूरकडच्या शाळेची सहल मुंबईला निघाली, की राणीचा बाग आणि विज्ञान केंद्र यांची चर्चा आठवडाभर आधी सुरू होते. दुपारी जेवायचे कोठे, याचा विचार मात्र पोटात कावळे ओरडू लागल्यावरच होतो. आज तो आधी करू. मुंबईतल्या काही उपाहारगृहांवर आता ‘सेंद्रिय’ किंवा ‘ऑरगॅनिक’ अशी पाटी दिसते आणि तेथे ताटाचे पैसे सहसा जास्त पडतात. हा जादा पैसा कशाचा? आणि पाटी खरी आहे हे ओळखायचे कसे?

चव घेऊन ओळखता येईल काय? येणार नाही. कारण समजून घ्या. भाताच्या रोपाला नत्र हवे असते. ते मुळांवाटे मुख्यतः अमोनियम किंवा नायट्रेट या रूपांत आत जाते. शेणखत टाकले तर जमिनीतले सूक्ष्मजीव ते हळूहळू कुजवतात आणि त्यातून अमोनियम सुटते. युरिया टाकला तर त्याचेही अमोनियमच होते, फक्त फार लवकर. मुळाच्या दारात पोहोचलेला अमोनियमचा कण शेणातून आला की कारखान्यातून, हे रोपाला कळत नाही. मग शिजलेल्या शितावरून आपल्याला कसे कळावे? फरक दाण्यापेक्षा शेतात अधिक असतो. मातीत जीव किती उरले, ओढ्यात काय वाहून गेले, फवारणाऱ्याच्या अंगावर काय उडाले, हे सारे शेतातच घडते. कीटकनाशकाचा अंश प्रयोगशाळेत सापडू शकतो, पण तो सापडला नाही एवढ्यावरून शेती सेंद्रिय ठरत नाही.

म्हणून सेंद्रियपणाचा दाखला मुख्यतः शेतीच्या पद्धतीला देतात. आपल्या देशात त्यासाठी २००१ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. भातासारख्या हंगामी पिकाच्या शेताला साधारणपणे दोन वर्षे रासायनिक खते व औषधे पूर्ण बंद ठेवावी लागतात, तेव्हा कोठे माल सेंद्रिय म्हणून विकता येतो. सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ मध्ये झाले आणि पाकिटांवर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आले.

पण चिन्ह असते पिशवीवर, ताटावर नव्हे. पिशवी स्वयंपाकघरात फाडली गेली की पुरावा संपला. एकटा तांदूळ सेंद्रिय असला तरी पाटी साऱ्या ताटावर मिरवू शकते! तेव्हा वाढप्याला किंवा मालकांना नम्रपणे विचारा: “काका, यातले सेंद्रिय नेमके काय काय आहे? पिशवी पाहायला मिळेल का?” प्रामाणिक मालक रागावणार नाही. ‘गावठी’, ‘घरगुती’, ‘नैसर्गिक’ हे शब्द ऐकून मात्र जादा पैसे मोजू नका. त्यांना दाखल्याचे पाठबळ नसते.

आता दुसरा प्रश्न. अन्न दुरून आले म्हणजे वाईट का? हिशेब करू. महाडहून मुंबई सुमारे १८० किलोमीटर. १० टन तांदूळ भरलेला ट्रक लिटरला साडेचार किलोमीटर गेला असे धरा. म्हणजे ४० लिटर डिझेल. ते १०,००० किलोंत वाटले तर किलोमागे ४ मिलिलिटर, चमचाभरसुद्धा नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासातही अन्नामुळे होणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच निघाला. विमानाने आणलेली परदेशी फळे मात्र वेगळी.

याउलट ताटात टाकलेल्या भाताचा हिशेब पाहा. १५० ग्रॅम भात म्हणजे साधारण ५० ग्रॅम तांदूळ. जगाच्या सरासरीने किलोभर तांदळामागे सुमारे २,५०० लिटर पाणी लागते, म्हणजे या मुठीमागे १२५ लिटर. (आपल्या खाचरांत हे बहुतेक पावसाचेच पाणी असते, कालव्याच्या भातासारखे ते कोणाच्या वाट्यातून काढलेले नसते. सरासरीचे आकडे असे जपून वापरावेत.) शिवाय टाकलेले अन्न कचऱ्याच्या ढिगात हवेवाचून कुजले की मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा आहे. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक वाटा उपाहारगृहे आणि खानपानसेवांचा होता.

या बाबतीत मुंबईची जुनी खानावळ मला फार शहाणी वाटते. कोकणातून गिरणीत कामाला गेलेले एकटे पुरुष महिन्याचे पैसे देऊन अशा खानावळीत जेवत. खानावळ चालवणाऱ्या बायकांना कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. जेवणारे किती हे सकाळीच ठाऊक, म्हणून तेवढेच शिजे. वीस पानांच्या मेनूकार्डाला ही सोय नाही. प्रत्येक पदार्थाची तयारी थोडीथोडी करून ठेवावीच लागते.

मासे खाणाऱ्यांनी तारीख पाहावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ. जुलैत कोणी ‘ताजे पापलेट’ म्हणाला, तर ते शीतगृहातले, बिगरयांत्रिक होडीचे किंवा पूर्व किनाऱ्याचे असू शकते. तिकडची बंदी १४ जूनलाच उठते. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला गेला. तळहातापेक्षा लहान पापलेट ताटात आले, तर ते एकदाही न विता पकडले गेले असण्याचा संभव आहे. त्यापेक्षा बांगडा मागवा. तो लवकर वाढतो आणि स्वस्तही असतो.

आणि नाचणीची भाकरी मिळाली तर अवश्य घ्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. पोलादपूरच्या डोंगरउतारांवर, वरकस जमिनीत हीच नाचणी पिकते. एखाद्या शेतकऱ्याने तिला रासायनिक खत कधी दाखवलेही नसेल, तरी दाखला नसल्यामुळे मुंबईच्या दुकानांत ती ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. एकट्याला दाखल्याचा खर्च परवडत नाही. त्यासाठी सहभाग हमी नावाची स्वस्त पद्धत आहे. एकाच किंवा जवळच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात, एकमेकांची शेते तपासतात, नोंदी ठेवतात आणि परस्परांची हमी देतात. तुमच्या वाडीत असे पाच जण निघतील का, हे सहलीहून परतल्यावर घरी विचारून पाहा. नोंदवही लिहायला त्यांना तुमच्यापैकी कोणीतरी लागेलच.