नाण्यातील खोट

नाणे हाती आले की आपण त्याचे मूल्य तेवढे पाहतो. नाणी जमविणारा मनुष्य मात्र ते उजेडात तिरपे धरतो, भिंग लावतो आणि त्यात कोठे खोट आहे का हे शोधीत बसतो. सुबक नाण्यापेक्षा बिघडलेले नाणे त्याला अधिक प्रिय! पण ती खोट टांकसाळीत राहिलेली असली पाहिजे. बाजारात पडलेली नव्हे. हा भेद ओळखावा कसा?

टांकसाळीत धातूच्या पत्र्यातून वाटोळ्या चकत्या कापतात. एकेक चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये येते. भोवती एक कडे असते. ते धातूला बाहेर पसरू देत नाही. ठशांचा प्रचंड दाब पडताच दोन्ही बाजू एकदम उमटतात. ठशावर जे खोल कोरलेले असते, ते नाण्यावर उंच उठते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुष्कळशी कोडी सुटतात.

समजा, नाण्यावर केसाएवढी रेघ दिसली. ती खोलगट असेल, तर तो ओरखडा होय. उंच असेल, तर मात्र ती टांकसाळीतली. सतत दाब सोसून पोलादी ठसाही तडकतो. त्या भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. सनाखालचे बारीक हिऱ्यासारखे चिन्ह पाहून काही मुले हुरळतात. ती खोट नव्हे, मुंबईच्या टांकसाळीची खूण आहे.

कधी चकती नीट बसत नाही. मग चित्र एका कडेला सरकते व दुसरीकडे कोरी चंद्रकोर उरते. याहून मोठी गंमत अशी की, एखादे घडलेले नाणे खाली न पडता वरच्या ठशालाच चिकटून राहते. पुढच्या चकतीवर खालचा ठसा नेहमीप्रमाणे उमटतो. वर मात्र चिकटलेल्या नाण्याचे तेच चित्र खोलगट आणि आरशातल्यासारखे उलटे उठते. अशा नाण्याला चांगली किंमत येते. म्हणून लबाड लोक दोन नाणी एकमेकांवर घट्ट दाबून तसाच देखावा करतात. भिंगातून पाहावे. मुळातले उंच चित्र त्या खोलगट चित्राच्या आड अर्धवट डोकावत असेल, तर ते नाणे घेऊ नये. टांकसाळीतली चकती कोरी असते, तिच्यावर आधीचे चित्र येणार कोठून?

शिवकालीन शिवराईला मात्र हे माप लावता येत नाही. ती हातोड्याच्या घावाने पाडीत, आणि ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्याहून मोठा असे. त्यामुळे 'श्री राजा शिव' किंवा मागील 'छत्रपति' यांतले एखादे अक्षर तुकड्याबाहेरच राहून जाई. तेथे अपुरे अक्षर ही नित्याची गोष्ट. सारी अक्षरे पुरी उमटलेली शिवराई मिळाली, तर जाणकार ती वेगळी काढून ठेवतो.