इलेव्हनची प्रयोगशाळा खरी होती का?

प्रश्न : 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये इलेव्हन नावाच्या मुलीला गुप्त प्रयोगशाळेत वाढवतात आणि तिच्या मनःशक्तीचा वापर रशियनांवर हेरगिरी करायला करतात. अमेरिकेत असं काही खरंच घडलं होतं का?

उत्तर : प्रयोग घडले होते. इलेव्हनसारखी शक्ती मात्र कुणाकडेच सापडली नाही.

1972 पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुटहॉफ यांनी सीआयएच्या पैशावर 'बसल्या जागी दूरचं दिसतं का' हे तपासायला सुरुवात केली. समोरच्याला फक्त अक्षांश-रेखांश द्यायचे. तिथे काय दिसतं ते त्याने सांगायचं, कागदावर काढायचं. 1974 मध्ये पॅट प्राइस यांना सोव्हिएत संघातल्या सेमिपालातिन्स्कजवळच्या एका ठिकाणाचे आकडे दिले गेले. त्यांनी रुळांवरून सरकणारी अवाढव्य क्रेन काढली आणि तिथे तशी क्रेन खरोखरच होती! पण त्यांच्या बाकीच्या वर्णनातलं बहुतेक सगळं चुकलं होतं. आजही ती क्रेनच तेवढी सांगितली जाते, चुकलेलं कुणी सांगत नाही. पुढे हे काम लष्कराकडे गेलं, त्याला 'स्टारगेट' असं नाव मिळालं आणि एकूण सुमारे 2 कोटी डॉलर खर्च झाल्यावर 1995 मध्ये ते बंद झालं. प्रत्यक्ष हेरगिरीत त्याचा एकदाही उपयोग झाला नाही, असा तपासणी अहवालाचा निष्कर्ष होता.

मालिकेत इलेव्हनच्या आईवर झालेले प्रयोग ज्यावर बेतले आहेत, तो 'एमके-अल्ट्रा' मात्र फार क्रूर होता. सीआयएने तो 1953 मध्ये सुरू केला. माणसाच्या मनावर ताबा मिळवण्यासाठी लोकांना, अनेकदा त्यांच्या नकळत, एलएसडी दिलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रँक ओल्सन या लष्करी शास्त्रज्ञाला मद्यातून ते पाजलं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून तो गेला. घरच्यांना खरं कारण कळायला 1975 उजाडलं. तोवर सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमावरून 1973 मध्येच बहुतेक फायली नष्ट झाल्या होत्या. थरारपटांत अशा माणसाला शेवटी कसली तरी शक्ती मिळते आणि तो सूड घेतो. ओल्सनच्या कुटुंबाला मिळाली ती माफी आणि साडेसात लाख डॉलर.

हिशेब विभागाकडे पडून राहिलेली हजारो पानं मात्र वाचली आणि 1977 मध्ये अमेरिकी सिनेटने त्यावर सुनावणी घेतली. तिचा अहवाल सर्वांसाठी खुला आहे. मालिका आवडली असेल तर तो जरूर वाचा.