मान हलवणारा बैल

अंबड,
श्रावण वद्य पंचमी

चि. राणीस,


पोळा दहा दिवसांवर आला आहे आणि शाळेतल्या येत्या आनंददायी शनिवारी तुला दुसरीच्या लेकरांसोबत कागदाचा हलता बैल करायचा आहे, हे काल तू फोनवर सांगितलंस. छापील बैलांचे कागद आणायचे, लेकरांनी रंगवायचे, कापून जोडून तू द्यायचे, असा तुझा बेत. तेव्हा मी काही बोलले नाही. पण रात्रभर तेच मनात घोळत राहिलं, म्हणून सकाळीच लिहायला बसले. तो बेत सोड.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. दोन रात्री जागून चाळीस बैल कापले. सगळे एका मापाचे, एकाच वळणाच्या शिंगांचे. लेकरांनी झुली रंगवल्या. फाटतील म्हणून ते बैल मी भिंतीवर ओळीने टाचून टाकले. पाहुणे आले, वर्ग बघून खूश झाले, मीही खूश. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत वर्गात गेले तर एक पोरगं भिंतीखाली उभं राहून वर आपल्या बैलाकडे बघत होतं आणि स्वतःचीच मान खालीवर करत होतं. बैलाला हात लावायची परवानगी नव्हती ना. राणी, मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

म्हणून सांगते, रंगाने सुरुवात करू नकोस, मानेने कर. शुक्रवारी लेकरांना घरचं काम दे: गोठ्यात नाहीतर शेजारच्या दावणीला जाऊन बैलाची मान नीट बघून यायची. पाणी पिताना ती कुठून वाकते? माशी बसली की आधी काय हलतं? आता ट्रॅक्टर आल्यापासून प्रत्येकाच्या दारी जोडी नाही, हे मला कळतं. गाय चालेल, शेळीही चालेल. लहानपणी आपल्याकडे नंदीवाले यायचे ते तुला आठवतं का? ढोलावर काडी घासून गुबुगुबु आवाज काढायचे, ‘पाऊस पडंल का?’ विचारायचे आणि झूल घातलेला नंदी मान हलवायचा. त्या एका हालचालीसाठी सगळी गल्ली जमायची. आपला बैलही तेवढंच करणार आहे. पाय हलवायला जाऊ नकोस, शेपूट हलवायला जाऊ नकोस. दुसरीच्या लेकरांना एक सांधा पुष्कळ झाला.

आता कृती. कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिका घे. पत्रिकेचा पुठ्ठा आधी दोन्ही बाजूंनी थोडा वाकवून बघ. एकीकडून तो सहज वाकतो, दुसरीकडून अडतो. मानेची पट्टी अशी काप की लांबीत ती वाकायला अडेल, नाहीतर दोरा ओढला की मान उचलण्याऐवजी मुडपते. अंग साधारण १८ सेंटिमीटर लांब, पाठीपासून पोटापर्यंत १० सेंटिमीटर, खाली पाय. मान आणि तोंड मिळून एकच पट्टी, १२ सेंटिमीटरची. ही पट्टी अंगाच्या मागच्या बाजूने जोडायची. अंगावरचं भोक छातीच्या कडेपासून तीन बोटं आत आणि पाठीच्या कडेपासून चार सेंटिमीटर खाली असू दे. त्याहून वर गेलं तर मान खाली येताना पट्टीचं मागचं टोक पाठीवर डोकावतं.

पट्टीवर भोक कुठे पाडायचं, ते मात्र सांगू नकोस. सगळी गंमत तिथे आहे. प्रत्येकाने पेन्सिलीने आपापली खूण करायची आणि खुणेवर तू दाभणाने टोचायचं. दाभण लेकरांच्या हातात देऊ नकोस, खूण मात्र त्यांचीच. निम्मी लेकरं बरोबर मध्यावर खूण करतील. त्यांच्या बैलाची मान वर जाईल आणि तिथेच अडून राहील, कारण पुढचा आणि मागचा भार जवळजवळ सारखा झाला. ती तक्रार घेऊन येतील, ‘बाई, खालीच येईना.’ तेव्हा शेजारच्याचा बैल त्यांच्यापुढे ठेव, ज्याने मागच्या टोकापासून तीन सेंटिमीटरवर खूण केली. त्याची पट्टी मागे ३ आणि पुढे ९ सेंटिमीटर. मागच्या टोकाचा दोरा एक सेंटिमीटर ओढला की तोंड तीन सेंटिमीटर वर जातं, आणि सोडला की आपल्याच वजनाने खाली येतं. तरफ हा शब्द त्यांना पुढच्या वर्गात भेटेल, तू आत्ता तो काढू नकोस. ‘मग काय करायचं?’ एवढंच विचार आणि थांब. कोणी नवीन भोक मागेल, कोणी तोंडाला पत्रिकेचा आणखी एक तुकडा चिकटवून ते जड करेल. दोन्ही बरोबर आहे. दुसरा उपाय मला स्वतःला कधी सुचला नव्हता; एका लेकरानेच तो मला दाखवला.

सांध्याला बाजारातली पितळी पिन शोधत बसू नकोस. गोधडीचा दोरा घे. अंगाच्या भोकातून आणि पट्टीच्या भोकातून ओवून दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची एकेक टिकली घाल. शेवटची गाठ मारताना टिकलीखाली आगपेटीची काडी ठेव, गाठ पक्की झाली की काडी ओढून काढ. काडीच्या जाडीएवढी ढील राहते, आणि त्या ढिलाईवरच मान हलते. ताणून गाठ मारलीस तर बैल ठोकळा होतो. कोटाचं बटण शिवताना आजी असंच करायची, आठवतंय ना?

पट्टीच्या मागच्या टोकाला दुसरा दोरा बांधून तो अंगामागून खाली सोड. पोटाशी पत्रिकेच्या कपट्याची लहान कडी चिकटव, दोरा तिच्यातून ओढून घे आणि खाली शर्टाचं जुनं बटण बांध. बटण कडीत अडतं, त्यामुळे मान एका मर्यादेपलीकडे पडत नाही. चरायला वाकलेल्या बैलाएवढी ती खाली यावी, त्या बेताने दोऱ्याची लांबी धर. धरायला मागच्या पायाला तुराटीची नाहीतर खराट्याची काडी लाव. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकतात, पण लेकरं बोटं तोंडात घालतात, तेव्हा ते अजिबात नको. त्याच दिवशी शिजव, त्याच दिवशी संपव.

तू म्हणशील, आत्या, एवढा वेळ जाईल, बैल वेडेवाकडे होतील. होऊ देत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी चालवली, तेव्हा त्यांच्यापुढे आदिवासी पाड्यांवरची लेकरं होती आणि महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, माती हीच साधनं केली. काटकसर हे त्याचं एक कारण. दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं: जी वस्तू लेकराच्या रोजच्या हाताखालची असते, ती शाळेतून घरी जाते. तुझा छापील बैल फाटला की संपला. पत्रिकेचा बैल फाटला तर लेकरू घरी दुसरी पत्रिका शोधेल.

आणि बैल झाले की खेळ झालाच पाहिजे, भिंत नाही. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या नाचवत आली आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. घरच्या गोठ्याच्या जागेत त्यांनी या बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. आपल्या शेजारच्या पैठणलाही चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्यांची परंपरा होती, ती चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात बघायला मिळतात. या सगळ्यांकडे चित्र किंवा बाहुली एकटी कधीच येत नाही, तिच्यासोबत गोष्ट सांगणारा गळा असतो. तेव्हा वर्गातली दोन बाकं आडवी कर, त्यांवर आपली जुनी साडी टाक आणि लेकरांना मागे बसव. पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदेमळणीपासून सुरुवात करू देत. बैल काय बोलतो ते तू लिहून देऊ नकोस. जे लेकरू वर्गात तोंड उघडत नाही ते साडीआड बसून बैलाच्या तोंडून बोलतं, हे मी एकदा नाही, कितीदा तरी बघितलं आहे. तेव्हा मधेच त्याचं बोलणं सुधारू नकोस. ‘बैल म्हनला’ असं म्हणालं तर बैल म्हनलाच.

एखाद्याला बैल नको असेल, त्याला दुसरं करू दे. एका वर्षी एका मुलीने मासा मागितला, कारण आपल्या अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी माशासारखी आहे हे तिने घरी ऐकलं होतं. मी आधी नाही म्हणणार होते. मग तिने डोकं, धड आणि शेपूट असे तीन तुकडे दोन सैल गाठींनी जोडले, मधल्या तुकड्याला काडी लावली आणि मासा वळवळायला लागला. ओढायचा दोरासुद्धा लागला नाही. नवरात्रात टेकडीवर गेले की मला तो मासा आठवतो.

तुझ्या ताईच्या लग्नाच्या साठेक पत्रिका माळ्यावर उरल्या आहेत. उद्याच्या एसटीने येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवते, सोबत गोधडीच्या दोऱ्याचं रीळ आणि माझं दाभणही. दाभण परत हवं. पत्रिकेवरचा गणपती आधी कापून बाजूला ठेव, त्यावर लेकरांच्या कात्र्या चालायला नकोत. शनिवारी संध्याकाळी फोन कर. किती जणांनी मध्यावर खूण केली, ते आधी सांग.

तुझी,
आत्या