आधी मोठ्याने वाच

अगं, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी पोळ्या लाटता लाटता वाचला. ‘ताई, ग्रुपमध्ये सगळ्यांचा कोड लिहून होतो आणि मी अजून प्रश्नच वाचत असते.’ बघ, प्रश्न दोनदा वाचणारी मुलगी प्रत्येक ग्रुपला हवीच असते. तू फक्त मनातल्या मनात वाचतेस, तेवढं बदल. मोठ्याने वाच.

कॉलेजात आयसीपीसी या प्रोग्रामिंग स्पर्धेसाठी आमची तिघींची टीम होती. तिथला नियम तुला ठाऊक आहे ना? तिघांत मिळून कम्प्युटर एकच आणि वेळ ५ तास. पहिल्या सरावाला मी कीबोर्ड धरला तो सोडलाच नाही. प्रश्न साधा दिसत होता: १ लाख आकडे दिलेत, त्यांत दिलेल्या बेरजेची जोडी आहे का ते सांगा. मी लूपमध्ये लूप घातला, नमुन्याचं उत्तर बरोबर आलं आणि लगेच सबमिट केलं. ‘टाइम लिमिट एक्सीडेड.’ जरा इकडेतिकडे करून पुन्हा दिलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. प्रश्न पुढे सुटला, तर आधीच्या प्रत्येक चुकीमागे २० मिनिटं दंड धरतात. म्हणजे टीमचा एक तास माझ्या घाईत गेला. फार वाईट वाटलं होतं गं.

मग मैत्रिणीने वही पुढे ओढली आणि शांतपणे म्हणाली, “तू नेमकं काय करतेयस ते मला सांग.” मी सांगू लागले, “पहिला आकडा घेते, तो बाकी सगळ्यांशी लावून बघते, मग दुसरा घेते…” आणि बोलता बोलताच थांबले. घरी डबे घासून झाल्यावर आपण असं करतो का? प्रत्येक डब्याला प्रत्येक झाकण लावत बसलो तर रात्र होईल. झाकणं मापाने फळीवर मांडलेली असली की डबा हातात घ्यायचा आणि त्या मापाच्या जागी बघायचं. बेरीज १०० हवी आहे, हातात ३७ आलेत, तर फळीवर ६३ आहेत का? असतील तर जोडी मिळाली. नसतील तर ३७ फळीवर ठेव आणि पुढचा आकडा घे. हॅश मॅप म्हणजे हीच फळी. सुमारे ५०० कोटी जोड्या तपासायच्या, त्याऐवजी जास्तीत जास्त १ लाख वेळा फळीकडे बघायचं. मैत्रिणीने मला उत्तर सांगितलं नव्हतं. तिने फक्त ऐकलं.

खरं सांगू का, तुला न येण्याची भीती नाहीये, चारचौघांत चुकण्याची आहे. मग हे ऐक. जोशुआ ब्लॉक यांनी जावाच्या लायब्ररीसाठी बायनरी सर्च लिहिला होता. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची, एवढंच. पण ‘इंट’मध्ये २१४ कोटींच्या थोडं पुढे आकडा मावत नाही, आणि अ‍ॅरे फार मोठा असला की बेरीज ऋण व्हायची. ही चूक जवळपास ९ वर्षं तशीच राहिली, आणि २००६ साली त्यांनी स्वतःच सगळ्यांना ती लिहून सांगितली. तेव्हा तुझी चूक ग्रुपसमोर निघाली तर निघू दे. “इथे काय झालं?” म्हणून विचार.

एक मात्र कर. कोणी उत्तर सांगायला लागलं की हात वर कर आणि म्हण, “थांब, मला फक्त पुढची पायरी सांग.” राग येत नाही गं कोणाला. चर्चा झाली की दुसऱ्याचा कोड बंद कर आणि स्वतःचा कोऱ्या फाइलमध्ये लिही. हे कंटाळवाणं आहे, पण हात त्यानेच बसतो.

शनिवारी जेवून घे, मगच ग्रुपबरोबर सरावाला बस. लॅपटॉपच्या आधी वही उघड, आणि पहिला प्रश्न वाचायला तूच घे.