कोषाचा भाव आणि रेशीम सुताचा जागतिक व्यापार

कोषांच्या बाजारात माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो : आज भाव काय निघेल? कोष उत्तम, आवक बेताची, आणि तरीही भाव गतवर्षापेक्षा उतरलेला, असे कधीकधी घडते. अशा वेळी सारा दोष व्यापाऱ्याच्या माथी मारला जातो. वास्तविक या भावाचे मूळ पुष्कळदा बाजाराच्या आवाराबाहेर, दूर परदेशात असते. ते कसे, हे तुतीची लागवड करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यापार सुताचा

देशोदेशी प्रामुख्याने विकले जाते ते कोषांपासून काढलेले कच्चे रेशीम सूत. कोष शिजवून सात-आठ कोषांचे तंतू एकत्र ओढले म्हणजे त्याचा एक धागा होतो. धाग्याची जाडी डेनियर या मापाने सांगतात. ९,००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम भरेल तितके त्याचे डेनियर. २० ते २२ डेनियरचे सूत बाजारात विशेष चालते.

रेशीम हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून मोठ्या व्यवहारात सुताचे कोरडे वजन काढून त्यावर शेकडा ११ इतका ओलावा धरतात व त्यावर किंमत आकारतात. याखेरीज सूत काळ्या फळीवर गुंडाळून त्याचा एकसारखेपणा व स्वच्छता पाहिली जाते. धागा मध्येच बारीक, मध्येच जाड किंवा गाठाळ आढळला की सुताची प्रत उतरते. २ए, ३ए, ४ए अशा प्रती ठरतात त्या या परीक्षांवरून.

जपानचा धडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्स व इटली या देशांत पेब्रिन रोगाने रेशीम किड्यांचा मोठा संहार केला. त्याच सुमारास, १८५९ मध्ये, जपानचे योकोहामा बंदर परदेशी व्यापारास खुले झाले आणि जपानी सुतास मागणी आली. पण घाईने काढलेले निकृष्ट सूतही बाजारात जाऊ लागले व मालाचे नाव खराब झाले. तेव्हा तेथील सरकारने १८७२ मध्ये तोमिओका येथे फ्रेंच यंत्रांवर चालणारा आदर्श कारखाना काढला. पुढे रोगमुक्त अंडी आणि संकरित जाती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्यात आल्या. अमेरिकेतील यंत्रमागांना हवे तसे एकसारखे सूत मिळू लागले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जपानने निर्यातीत चीनला मागे टाकले.

या कथेचा उत्तरार्धही लक्षात ठेवण्याजोगा आहे. जपानचा माल मुख्यत्वे एकाच देशात खपत होता. १९२९ मध्ये अमेरिकेत मंदी आली. सुताचे भाव कोसळले आणि जपानी खेड्यांतील लक्षावधी कुटुंबे कर्जात बुडाली. १९४० मध्ये नायलॉनचे पायमोजे अमेरिकेच्या दुकानांत आले, तर १९४१ मध्ये युद्धाच्या छायेत तो व्यापारच थांबला. गुणवत्तेने बाजार मिळतो. पण एकाच आधारावर सारा संसार उभा करणे धोक्याचे असते.

आपल्या देशातील स्थिती

आज रेशीम उत्पादनात चीन पहिला व भारत दुसरा आहे. तथापि आपल्याकडील मागणी मोठी असल्याने चीनमधून सूत आयात होते. आयात सूत स्वस्त झाले की देशी सुताचा भाव उतरतो व पाठोपाठ कोषाचाही. २०११ मध्ये कच्च्या रेशमावरील आयात कर शेकडा ३० वरून ५ वर आणण्यात आला, तेव्हा कर्नाटकातील कोष-उत्पादकांना याचा कटू अनुभव आला. २०१३ मध्ये हा कर १५ करण्यात आला. मध्यंतरी तो १० वर आला आणि २०२१ मध्ये पुन्हा १५ झाला. करातील हा चढउतार शेतकऱ्याच्या हाती नाही.

मात्र दुसरी गोष्ट त्याच्या हाती आहे. मागावरील ताण्याला सतत ओढ बसते, त्यास बळकट व एकसारखे सूत लागते. विणकर ताण्यासाठी चिनी सूत पसंत करीत आणि देशी सूत बाण्यास वापरीत, ते याच कारणाने. बायव्होल्टाईन म्हणजे दुबार जातीच्या उत्तम कोषांपासून ताण्यास योग्य असे सूत येथेही निघते.

हिशेब करून पाहा. एक किलो सुतास साडेसहा किलो कोष लागत असतील, तर १०० किलो कोषांपासून सुमारे १५.४ किलो सूत मिळेल. आठ किलो कोष लागले, तर केवळ १२.५ किलो. सूत काढणारा हाच हिशेब मनात धरून बोली लावतो.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. तपासलेले, रोगमुक्त अंडीपुंजच घ्यावेत. संगोपनगृहाचे निर्जंतुकीकरण प्रत्येक पिकापूर्वी न चुकता करावे.

२. पक्व अळ्या चंद्रिकेवर दाटीने सोडू नयेत. सहा फूट लांब व चार फूट रुंद चंद्रिकेस ९०० ते १,००० अळ्या पुरेत. दाटी झाल्यास डबल व डागाळलेले कोष वाढतात.

३. कोष विणण्याच्या काळात हवा खेळती ठेवावी. खोली दमट राहिल्यास कोषाचा तंतू वारंवार तुटतो.

४. कोष घाईने काढू नयेत. दुबार जातीचे कोष सहाव्या-सातव्या दिवशी, दोन-चार कापून आतील कोषस्थ कीटक तपकिरी व टणक झाल्याची खात्री करून मगच काढावेत.

५. पोचट, डागी व डबल कोष वेगळे काढून निराळे विकावेत. मूठभर वाईट कोषांमुळे साऱ्या ढिगाचा भाव पडतो.

६. सारी जमीन तुतीखाली आणू नये. तसेच एखाद्या मंदीने घाबरून उभी तुती उपटूही नये. तुती बहुवर्षायू आहे. भाव फिरला तरी मोडलेली बाग लगेच उभी राहत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या बैठकीत चांगल्या व डागी कोषांचे दोन ढीग प्रत्यक्ष समोर ठेवून हा विषय समजावून द्यावा. शक्य असेल तेथे शेतकऱ्यांना सूत काढण्याचे केंद्र दाखवावे. आपल्या कोषाचा तंतू कोठे तुटतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी चंद्रिकेवर दाटी करणार नाही.